दादाची करकर

तार आली तेव्हा मी सांगलीत कचेरीत होतो. ‘दादा गेले. निघा.’ कोरेगावला उतरून गाव गाठेपर्यंत दिवस कलला होता. भाऊबंद माझ्यासाठी थांबले होते...

दादा माझा थोरला भाऊ. त्याच्या वहाणा करकरायच्या. आमच्याकडे वहाण शिवताना तळाच्या दोन कातड्यांमध्ये ‘विंचू’, म्हणजे एका रानझाडाची वाळकी बी, घालतात. पाऊल पडलं की कर्रकर्र वाजतं. गावात ‘करकर’ हा कौतुकाचा शब्द. मोतीबिंदूनं आईचे डोळे गेल्यावर तर तिला त्या आवाजाचाच आधार. दादा गल्लीच्या तोंडाशी असतानाच ती वहिनीला सांगायची, "ऊठ गं, करकर आली. ताट वाढ."

हाच शब्द मी सांगलीत घरमालकांच्या तोंडून ऐकला. दिवाळीनंतर दादा चार दिवस माझ्याकडे राहायला आला होता. "पाहुण्यांची करकर जरा आवरा," मालक जिन्यात म्हणाले. माझी मान खाली गेली. वर जाऊन मी दादाला म्हणालो, "हे शहर आहे. तो विंचू काढून टाक."

"आरं, वहाण हाय ती, तुतारी न्हवं," तो हसला. पण दुसऱ्याच दिवशी तळ उसवून विंचू काढून आला. खोलीभर चालून दाखवत म्हणाला, "बघ गड्या, चोर झालो का न्हाई?"

संक्रांतीला मी गावी गेलो, तेव्हा त्यानं सांगितलं, "वसरीवर चढलो तर आई दचकली. कोण हाय म्हणाली. सवताच्या घरात नाव सांगाया लागतंय रं मला."

"मग परत घालून घे की."

"घालू. सुगी उरकू दे."

सुगी उरकायच्या आत तो रानातच कोसळला.

दहाव्याच्या दिवशी मी आईजवळ बसलो. ती रडत नव्हती. म्हणाली, "समदी म्हंत्यात, धा दिस झालं. मला तर त्याचं येणं कवाच बंद झालं हुतं."

विंचू कुणी काढायला लावला, हे दादानं तिला कधी सांगितलं नाही. मलाही जमलं नाही. इथं लिहितो आहे, कारण हे तिला कुणी वाचून दाखवणार नाही...

आता दर शनिवारी गावी जातो. दारातूनच हाक देतो, "आई, मी आलोय." ती "ये" म्हणते, पण तोंड दाराकडेच ठेवते.

"मागं कोण हाय का रं?"

"न्हाई, आई."