एक मणी कमी

झावळ्यांच्या रविवारी चर्चमधून आणलेल्या झावळ्या आशीर्वादाच्या असतात. त्या फेकता येत नाहीत, म्हणून घरोघरी अल्तारामागे, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यामागे, साठत जातात. आमच्या रोझरी मंडळाचे किस्सेही माझ्याकडे तसेच साठलेत, कोणाला देताही येत नाहीत आणि टाकवतही नाहीत.

वाकोल्याच्या आमच्या गल्लीत तेव्हा रोज संध्याकाळी सात वाजता एकेका घरी मारियेची मूर्ती न्यायची आणि सगळ्यांनी मिळून जपमाळ म्हणायची. मूर्तीला आम्ही नुसतं 'माय' म्हणायचो. पुढे म्हणणारी मी, एलिझा. वहीत हजेरी लिहिणारी फिलोमिनाबाय.

*

जपमाळेनंतर लितानी. मी मारियेचं एकेक नाव घ्यायचं, बाकीच्यांनी 'आम्हांसाठी विनंती कर' म्हणायचं. एकदा मधेच फिलोमिनाबायने माझ्या कानात निरोप सांगितला. मी विसरेन म्हणून तिथल्या तिथे त्याच सुरात सांगून टाकला, "उद्या सकाळी नळाला पाणी नाही."

सगळे एकसाथ, "आम्हांसाठी विनंती कर!"

कोणी हसलंसुद्धा नाही. कोणी ऐकलंच नव्हतं ना!

*

गल्लीत पहिला रंगीत टीव्ही आला, त्या घरी रविवारी रोझरी होती. बातम्या संपल्या की साडेसातला पिक्चर पुढे चालू होणार, म्हणून टीव्ही बंद न करता नुसता आवाज कमी केला आणि मायला टीव्हीवरच बसवलं. पन्नास मणी आम्ही अकरा मिनिटांत उडवले.

खिडकीबाहेर बस्त्याव मामा उभा होता. म्हणाला, "मायलाच बिचारीला पिक्चर दिसत नाय. तिला वर बसवली ना तुमी!"

*

हा बस्त्याव मामा म्हणजे म्हातारा गवंडी. बायको गेल्यापासून चर्चची पायरी चढला नव्हता. रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या दगडी क्रूसापाशी चहा घेऊन बसायचा आणि देवाशी मोठ्याने बोलायचा. बोलायचा कसला, भांडायचाच!

एकदा नवे फादर तिथून चालले होते. त्यांनी विचारलं, "कोणाशी भांडतोस, बाबा?"

मामा म्हणाला, "फादर, तुमी ऑफिसातले. हे आमचं घरचं हाय."

फिलोमिनाबायने त्याला वही दाखवून बजावलं, "वर गेल्यावर काय दाखवशील रे? एक पण हजेरी नाय तुझी!"

मामाने क्रूसाकडे बोट केलं. "रोज चाय पिताना भेटतो तो. वही कधी नाय मागितली."

*

माझा नवरा पीटर साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये होता. तो आजारी पडला तेव्हा मी नोव्हेना धरली. नऊ दिवस रोज जपमाळ, गुडघ्यांवर, एक दिवस न चुकता. नवव्या दिवशी मी आमेन म्हटलं आणि हॉस्पिटलातून घरी निरोप आला.

मी रडले नाही. आधी हिशेब करत बसले, कुठे चुकलं? सातव्या दिवशी दहा मण्यांच्या एका दशकात मी नऊच 'नमो मारिये' म्हटले असावेत, असं मला वाटायला लागलं. कन्फेशनला जाऊन सांगितलं, "फादर, एक मणी कमी पडला. माणूस गेला."

ते म्हणाले, "देव मणी मोजत नाही, बाळ."

मग मी इतकी वर्षं काय मोजत होते? हे विचारायचं होतं. पण मागे लाईन होती, मी उठले.

*

त्यानंतर तोंड चालायचं आणि आत काही नसायचं. एका संध्याकाळी अख्खी जपमाळ संपली तरी माझ्या डोक्यात उद्याचे बोंबीलच होते. एक मणी चुकला नाही. फिलोमिनाबायचे डोळे भरून आले. "काय भक्तीने म्हणतेस गो, एलिझा!"

*

एका सकाळी मी मामाशेजारी क्रूसापाशी जाऊन बसले. तो सरकला. "बोल."

मी तोंड उघडलं, तर 'नमो मारिये, कृपापूर्णे'च बाहेर आलं.

"ते नको गो. तुझं बोल."

माझं काही सापडेना. पीटरचं नावसुद्धा ओठावर येईना. मामाने त्याच्या बशीतला चहा माझ्यापुढे केला आणि भिंत अर्धी टाकून जावी तसं मला सोडल्याबद्दल वर बघून देवाला दोन शिव्या घातल्या.

*

त्याच वर्षी मामाने अंथरूण धरलं. फिलोमिनाबाय म्हणाली, "आता तरी त्याच्या कानावर देवाचं नाव पडू दे." मायला घेऊन आम्ही बाराजणी त्याच्या खोलीत शिरलो. हजेरीच्या वहीत पहिल्यांदाच त्याचं नाव लिहिलं. तो ऐकत नाही असं वाटून सगळ्याजणी आवाज चढवत गेल्या. माझा तर सगळ्यांत मोठा.

तिसऱ्या दशकात मामाने डोळे न उघडता हात वर केला.

"जरा गप बसा गो," तो म्हणाला. "तो बोलतोय."

आम्ही बाराजणी गप्प झालो. फिलोमिनाबायने वही मिटली. मामा मधेच मान हलवत होता, एकदा हसलाही.

मी श्वास धरून ऐकत राहिले. खूप वेळ. मला पंख्याचा आवाज आला.