अव्वा आणि आमच्या तीन शाळा

तार आली तेव्हा मी बार्शीच्या शाळेत चौथीच्या मुलींना नद्यांची नावं सांगत होते. शिपाई दारात येऊन नुसता उभा राहिला, आणि लिफाफा फोडायच्या आधीच मला कळलं. मल्लूअण्णाची, माझ्या थोरल्या भावाची तार होती. अव्वा लिंगैक्य झाली, लगेच निघ. मी मुलींना वाचत बसायला सांगितलं, मोठ्या बाईंना चिठ्ठी लिहिली, घरी यांना निरोप धाडला आणि स्टेशन गाठलं. कुर्डुवाडीला गाडी बदलायची होती. तिथल्या बाकावर बसून मी पोटभर रडले. शेजारी एक म्हातारी बाई गाठोडं घेऊन बसली होती. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला. "कोण गेलं गं, लेकी?" "आई," मी म्हटलं. "भेट झालती का? काय बोलायचं राहिलं न्हाय न्हवं?" मी डोळे पुसले आणि म्हणाले, "नाही राहिलं." म्हणाले आणि माझं मलाच नवल वाटलं... खरंच काही राहिलं नव्हतं. बारा-तेरा वर्षं मनात अडकलेलं तीनच आठवड्यांपूर्वी बोलून झालं होतं. नसतं झालं, तर तो गाडीचा प्रवास मला सोसला नसता.

अव्वा म्हणजे आमची आई. कानडीत आईला अव्वा म्हणतात, आणि आमचं घर कानडी, लिंगायत. सोलापूरला मंगळवार पेठेत पुढं आप्पांचं सरकी-पेंडीचं दुकान, मागं आम्ही. अव्वा मैंदर्गीची. लग्न होऊन आली तेव्हा तिला मराठीचा एक शब्द येत नव्हता आणि घरात त्यावाचून काही अडतही नव्हतं. अडलं ते मल्लूअण्णा पहिलीत गेला तेव्हा. मास्तर "पाटी काढ" म्हणाले ते त्याला समजलं नाही, आणि तो तळहातावर वळ घेऊन घरी आला. अव्वानं वळांवर खोबरेल लावलं, त्याला जवळ घेऊन बसली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांना सांगून टाकलं, "आजपासून घरात मराठी. शाळेचा भाषा घरात बोलायचा. चुकला तर चुकला." हे मराठी तिनं शेजारच्या भाजीवालीकडून, नळावरच्या बायकांकडून उचललेलं. आज्जी, म्हणजे आप्पांची आई, तोंडाला पदर लावून हसली. आप्पाही हसले. पण अव्वा बधली नाही. मुलांशी ती मराठीच बोलायची. कानडीत भाकरीला आणि पावसाला बाई-पुरुष असं काही नसतं, त्यामुळं तिची भाकरी "झाला" आणि पाऊस "आली". आम्ही मुलं शाळेत शुद्ध बोलायला शिकलो, आणि ती मात्र जन्मभर तिथंच राहिली.

पंचवीस सालच्या सुमाराला आमच्या शाळा झाल्या तीन. मल्लूअण्णा हायस्कुलात, मी मुलींच्या शाळेत, धाकटा शरणू म्युनिसिपालिटीच्या मराठी शाळेत, आणि तिन्ही तीन दिशांना. गौरा अजून अव्वाच्या कडेवर. घरात घड्याळ नव्हतं, गिरणीचा भोंगा होता. पहिल्या भोंग्याला अव्वा जात्यावर बसलेली असायची, दुसऱ्याला चूल पेटलेली. आज्जीच्या पूजेची तयारी, दुकानातल्या हमालांचा चहा, धुणं, पाणी, आमची भाकरी... आणि या सगळ्यात कुणाच्या शाळेत काय आहे ते तिला तोंडपाठ. शरणूची कवायत, माझं पाठांतर, मल्लूअण्णाची तिमाही. तिला वाचता येत नव्हतं, तरी आमचा अभ्यास तीच घ्यायची. संध्याकाळी ती भाकरी थापायला बसली की आम्ही एकेकानं समोर बसून कविता म्हणायची. तिचा हात परातीत ठेक्यानं पडत असायचा. आमचा एखादा शब्द गळला की तो हात थांबायचा. "मागं जा. इथं काहीतरी पडला की." आणि खरोखरच तिथं काहीतरी पडलेलं असायचं.

एकदा हायस्कुलाची आणि म्युनिसिपालिटीच्या शाळेची कवायत एकाच दिवशी आली. एक सकाळी, एक दुपारी. दोन्हीकडं पांढरा सदरा हवा, आणि धड असा पांढरा सदरा घरात एकच, मल्लूअण्णाचा. अव्वानं आदल्या दिवशी तो धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री केला. सकाळी मल्लूअण्णाबरोबर ती स्वतःच हायस्कुलाच्या फाटकापर्यंत गेली, गौराला काखेत घेऊन उन्हात उभी राहिली, आणि कवायत संपल्याबरोबर फाटकाच्या आडोशाला त्याच्या अंगातून सदरा काढून घेतला. त्याच्या अंगावर आप्पांचं उपरणं टाकलं आणि निघाली तरातरा शरणूच्या शाळेकडं. मी सुट्टीत घरी निघाले होते, मला वाटेतच धरलं आणि गौराला माझ्या हातात दिलं. चालता चालता सुईदोरा काढून तिनं त्या सदऱ्याच्या बाह्यांना टाके घातले. शरणू रांगेत उभा राहिला तेव्हा सदरा मल्लूअण्णाच्या घामानं ओला होता. शरणू कुरकुरला. अव्वा म्हणाली, "गप ऱ्हा. पहिला नंबरचा घाम हाय तो." मल्लूअण्णाचा काही पहिला नंबर आला नव्हता. पण शरणूचा त्या दुपारी आला.

माझी शाळा मात्र तिनं भांडून मिळवली होती. चौथी झाली की बस्स, असं आप्पांचं ठरलेलं. आज्जी म्हणायची, पोरीच्या हाताला वळण कधी लागायचं? तेव्हा अव्वानं दोघांसमोर उभं राहून शब्द दिला की नीला शाळेत गेली म्हणून घरातलं एकही काम अडणार नाही, तिच्या वाटणीचं मी करीन. आणि तसं ती करत होती. माझ्या वाटणीचं दळण, माझ्या वाटणीची भांडी. हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी पुढं जे केलं ते केलं.

पाचवीत असताना ती एकदा माझ्या वर्गात आली. मी कविता नीट म्हणते की नाही हे बाईंना विचारायचं होतं तिला. हाताला पीठ तसंच, कडेवर गौरा. दारातूनच म्हणाली, "बाई, माझा पोरगी कसा हाय? बरोबर म्हणतो का?" सगळा वर्ग फिस्सकन हसला. बाईंनी दटावलं, अव्वालाही काही वाटलेलं दिसलं नाही, हसून गेली. पण त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मुली मला "माझा पोरगी" म्हणू लागल्या. मी घरी येऊन काही बोलले नाही. मनात एकच... ही पुन्हा शाळेत येता कामा नये.

आणि मग आलं संमेलन. कविता म्हणायला माझी निवड झाली होती. महिनाभर परातीसमोर बसून मी ती घटवली होती. आयांनी यायचं, असं शाळेनं सांगितलं होतं. अव्वानं मला केव्हापासून विचारून ठेवलेलं, "कधी हाय? कोणता वार?" संमेलनाच्या दिवशी सकाळी मी म्हणाले, "पुढं ढकललंय, अव्वा. आता पुढच्या आठवड्यात." तिनं मान वर केली. "हौदा?" म्हणाली, म्हणजे असं का. आणि परत परातीकडं वळली. त्या दुपारी मी कविता म्हटली, एक शब्द गळला नाही, आणि बक्षीस म्हणून लाकडी कंपासपेटी मिळाली. ती मी तीन दिवस दप्तरात लपवली आणि मग वर्गातच दिली म्हणून घरी दाखवली. अव्वानं ती हातात घेऊन उघडझाप करून बघितली. "चांगला हाय," म्हणाली. पण त्याच संध्याकाळी शेजारच्या नरसम्मा आमच्या ओट्यावर आल्या. त्यांच्याकडं हातमाग होते, त्यांची पद्मा माझ्याच वर्गात. मी आतून ऐकत होते. "नीला किती छान म्हणाली त्या दिवशी! तुम्ही दिसला नाहीत?" अव्वा म्हणाली, "काम होता की."

बास. त्यावर ती मला एक अक्षर बोलली नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मला पुढं कितीदा वाटलं. शरणूच्या, गौराच्या प्रत्येक समारंभाला ती जात राहिली. माझ्या शाळेत मात्र मी बोलावल्याशिवाय ती कधी आली नाही, आणि बोलवायचं धैर्य मला झालं नाही. मी सातवी झाले, पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात गेले, लग्न झालं, बार्शीला शिक्षिका झाले. माझ्या शाळेतल्या संमेलनात आया सतरंजीवर बसलेल्या दिसल्या की दर वर्षी मला ते संमेलन आठवायचं.

यंदा गड्ड्याची जत्रा संपली आणि अव्वानं अंथरूण धरलं. छातीचं दुखणं. मी आठ दिवसांची रजा काढून गेले. आजारात ती पुन्हा कानडीवर आली होती. आम्ही सगळे मोठे झालो होतो, शाळेची भाषा घरात बोलायची गरज उरली नव्हती. एका दुपारी मी तिचे पाय दाबत होते. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "अव्वा, पाचवीतलं माझं संमेलन... पुढं ढकललंय म्हणून सांगितलं होतं ते खोटं होतं. मला तुझ्या मराठीची लाज वाटायची." एवढं बोलायला मला बारा-तेरा वर्षं लागली होती.

अव्वानं डोळे उघडले आणि हसायला लागली. हसता हसता खोकला आला, मी पाणी पाजलं. मग ती कानडीत म्हणाली, "वेडे, ते तू अजून धरून बसलीस?"

"तुला तेव्हाच कळलं होतं ना? नरसम्मा आल्या तेव्हा?"

"तेव्हा कशाला! त्या दिवशी सकाळीच. ती मला बरोबर जाऊ या म्हणून बोलवायला आली होती, तिला पुढं धाडलं मी." थोडा दम घेतला तिनं. "वाईट वाटलं मला. नाही कसं म्हणू? बसले होते जरा चुलीपाशी. पण मग... खरं सांगू तुला? इतकं हलकं वाटलं गं! गौराचा चार दिवसांचा ताप त्याच सकाळी उतरला होता. सासूबाई मठात गेलेल्या. पोरं शाळेत. संमेलनाला जायचं म्हणून मी कामं आवरून ठेवली होती, आणि आता जायचंच नव्हतं. मी तव्यावरची भाकरी तव्यावरून काढून खाल्ली, शेंगाची चटणी आणि दही घालून. गरम भाकरी किती महिन्यांनी खाल्ली असेन. आणि गौराला पोटाशी घेऊन आडवी झाले. भोंगा झालेला कळला नाही मला! या घरात आल्यापासून दुपारची झोपले ती पहिल्यांदा. म्हटलं, पोरीनं खोटं बोलून का होईना, सुट्टी दिली."

"पण कविता ऐकायची होती ना तुला?"

"ती मला तुझ्या आधी पाठ होती."

"मग मला रागावली का नाहीस?"

"रागावले असते तर पुढच्या वेळी तू खरं सांगितलं असतंस. मग यावं लागलं असतं की मला."

मी रडत होते आणि हसतही होते. तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मलको," म्हणाली. नीज आता. मी तिथंच तिच्या पायाशी कलंडले.

तरी मनात एक शंका राहिली, की माझं ओझं उतरावं म्हणून तर ती हे रचून बोलली नसेल? रात्री जेवताना मी मल्लूअण्णाला विचारलं, अव्वा कधी दुपारची झोपलेली आठवते का. तो भाकरीचा घास हातात धरून थांबला. "तो दिवस? लक्षात आहे की! मास्तर आजारी म्हणून शाळा लवकर सुटली होती. येऊन बघतो तर भर दुपारी अव्वा झोपलेली. असलं कधी बघितलंच नव्हतं मी. मला वाटलं गेली! नाकापुढं बोट धरून बघितलं. तर काय, घोरत होती." आतून अव्वाचा आवाज आला, "घोरत नव्हते," आणि आम्ही सगळे कितीतरी वेळ हसत बसलो.

तार आली ती यानंतर तीन आठवड्यांनी. मी पोचले तेव्हा आमच्या रीतीप्रमाणं अव्वाला फुलांत बसवलेलं होतं. चेहरा शांत होता. पुढचे आठ दिवस मैंदर्गी, अक्कलकोटकडून पाहुण्यांची रीघ लागली. मल्लूअण्णाची बायको शांता चुलीपासून हलली नव्हती. आमच्यात सुतक पाळत नाहीत, त्यामुळं मुलांच्या शाळा चालू होत्या, आणि नवव्या दिवशी तिच्या लेकीच्या, कमळीच्या, वर्गाचं शाळेत गाणं होतं. शांता एका हातानं कमळीची वेणी घालत होती, दुसऱ्या हातानं आमटी ढवळत होती. मी तिच्या हातातून फणी घेतली. "मी नेते हिला. तू जरा आडवी हो."

"अहो वन्सं, पाहुणे यायचेत. आणि तिची आई नाही गेली तर बरं दिसेल का?"

"दिसू दे कसं दिसायचं ते. गाणं पाठ आहे ना तुला तिचं?"

"आता ते कुणाला नाही पाठ!" शांता म्हणाली आणि खुदकन हसली.

संध्याकाळी आम्ही दोघी परतलो तर दुकानाची अर्धी फळी लावलेली. घराच्या दारात, थेट उंबऱ्यावर, आप्पा बसले होते, आणि समोर मैंदर्गीचे दोन पाहुणे जोडे काढून निमूट बसलेले. आप्पांनी तोंडावर बोट ठेवलं. आत माजघरात भिंतीकडं तोंड करून शांता गाढ झोपली होती. कमळीला कागदाचं फूल मिळालं होतं, ते दाखवायला ती आत धावली. आप्पांनी तिला अलगद धरून मांडीवर ओढलं आणि हळूच म्हणाले, "आई निजलाय. उठल्यावर दाखव. काय घाई हाय?"