घाटात की खिंडीत

घाट आणि खिंड एकच, असं मी बायकोला ठणकावून सांगितलं, तेव्हा तिची आई त्या दोहोंपैकी एकात अडकलेली होती. नेमकी कशात, हे आमच्या घरात फक्त मला सांगण्यात आलं होतं, आणि तेच माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. गोमतीकाठच्या अलीगंजला आम्ही राहायचो, आणि आमच्याकडे फोन नव्हता. ट्रंक कॉल शेजारच्या मास्टरसाहेबांकडे यायचा. त्या श्रावणात सासूबाई कोकणातून एस्टीने पुण्याला मेहुण्याकडे, आणि तिथून रेल्वेने आमच्याकडे यायच्या होत्या. दुपारी मास्टरसाहेब कुंपणावरून ओरडले, "भाईसाहब, पूना से ट्रंक कॉल!" बायकोचे हात कणकेत, म्हणून मी धावलो. मेहुण्याचा शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. पुढची चूक खराब लाइनीवर ढकलायचीही सोय नाही.

पण मी नोकरीला होतो त्या संस्थेत अहवालांचा सारांश काढावा तर मीच, अशी माझी ख्याती. तीच कला घेऊन मी घरी आलो.

"तिकडे धो धो पाऊस आहे. खिंडीत दरड कोसळलीय, आईंची एस्टी तिथेच अडकलीय. काळजी करू नका म्हणाला."

बायकोचे हात थांबले. "खिंडीत?"

"खिंडीत म्हण, घाटात म्हण. एकच की!"

"अहो, एकच काय? दादा काय म्हणाला?"

"दोन्ही म्हणाला."

"दरड कुठे आणि गाडी कुठे?"

आमच्या वऱ्हाडातल्या गावात चढण म्हणजे रेल्वेचा पूल. डोंगरातून जायचा तो रस्ता, एवढंच माझ्या डोक्यात शिरलं होतं.

तिने कणकेचा गोळा परातीत उभा केला आणि खालून वर बोटाने नागमोडी रेघ ओढली. "हा घाट. वळणं आहेत, टपऱ्या आहेत, गाडी मागे फिरवता येते." मग माथ्यावर अंगठा रुतवला. "ही खिंड. दोन्हीकडे कडे. वरून काही आलं तर सरकायला जागा नाही. आता सांगा, आई कुठे आहे?"

मी त्या कणकेकडे बघत राहिलो. खरंच आठवेना.

तशीच उठून ती मास्टरसाहेबांकडे गेली. मी मागोमाग जाऊन पुण्याला ट्रंक कॉल बुक केला. बाहेर वारा पडलेला, पंखा गरम हवाच फिरवत होता. मास्टरसाहेबांच्या पत्नी धीर द्यायला म्हणाल्या, "बहनजी, घाट पर हैं तो किनारे पर ही हुईं न? घबराइए मत." त्यांच्या डोळ्यांसमोर गोमती होती. बायकोने मान हलवली आणि नखांत वाळलेली कणीक खरवडत राहिली. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

घंटी वाजली. सवयीने माझा हात पुढे गेला. तिने तो बाजूला सारला.

"दादा, आई घाटात की खिंडीत?"

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. दिसत होती ती फक्त तिची पाठ. ती बराच वेळ ताठ होती, मग एकदम वाकली, आणि बायको तिथल्या लाकडी तख्तावर बसली.

"दरड खिंडीत," रिसीव्हर ठेवून ती म्हणाली. "गाडी घाटातच होती, खालच्या वळणांवर. ड्रायव्हरने फिरवली. आत्ताच स्टँडवरून आईने दादाला फोन केला. भूक लागलीय म्हणे तिला." आणि मग पदर डोळ्यांना लावून रडली.

चहा झाला. घराकडे येताना मी म्हटलं, "आई आल्या की ही गंमत सांगू त्यांना."

"तुम्ही नका सांगू," बायको म्हणाली. "तुमच्या तोंडून ऐकलं, तर तिलाही वाटायचं, आपण खिंडीतच होतो."