हजेरीपटातला ताप

देवासच्या हायस्कुलात मी इंग्रजी चौथीला शिकवायचो तेव्हा माझं वय बावीस होतं आणि डोक्यात हवा भरपूर. नेमणूक वर्षभराची, कच्ची. तपासनीस साहेबांचा शेरा चांगला आला तर पक्की व्हायची, नाहीतर गाशा गुंडाळून धारला वडिलांपुढे उभं राहायचं. ते मला मुळीच नको होतं.

तपासणीच्या दिवशी ढ मुलांना घरी बसवायचं, ही आमच्या शाळेची जुनी रीत. लिहिलेली कुठे नव्हती, पण हेडमास्तरांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक. माझ्या वर्गात शिंप्याचा एक मुलगा होता. घरी माळवी बोलणारा. इंग्रजी वाचायला उभा केला की घामाघूम व्हायचा. आदल्या दिवशी मी त्याला म्हणालो, "उद्या येऊ नकोस." त्याने कारण विचारलं नाही. मान हलवली आणि गेला.

सकाळी हजेरीपटात त्याच्या नावापुढे गैरहजेरीचं कारण लिहायचं होतं. मी 'ताप' लिहिलं. त्या साली गावात प्लेगची धास्ती होती, आणि कुणाला ताप आला तर शाळेने त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं असा हुकूम होता. हुकूम मला माहीत होता. त्यापायी कारकुनाचं काम वाढलं म्हणून त्याची थट्टाही मीच केली होती. पण त्या सकाळी माझ्या डोक्यात फक्त साहेब होते.

साहेब खूश झाले. या वर्गातली मुलं चुणचुणीत आहेत, असं त्यांनी लिहून दिलं.

दुसऱ्या दिवशी कळलं की कारकुनाने हुकुमाप्रमाणे ताप कळवला आणि शिंप्याच्या घरच्या सगळ्यांना गावाबाहेरच्या झोपड्यांत नेऊन ठेवलंय. घराची कौलं उतरवली होती आणि आतलं कापड अंगणात जाळलं होतं. लगीनसराई तोंडावर होती. लोकांनी शिवायला टाकलेले अंगरखे, चोळ्या, एका नवरदेवाचा अख्खा पोशाख, सगळं त्यात गेलं.

मी हेडमास्तरांकडे धावलो. ते शांतपणे म्हणाले, "घर धाकट्या पातीत आहे. डॉक्टर त्यांचे. तुम्ही थोरल्या पातीचे, कशाला मध्ये पडता?"

देवासात ही मोठी सोय होती. रस्त्याच्या या बाजूला थोरल्या पातीचं राज्य, त्या बाजूला धाकट्या पातीचं. शाळा तेवढी दोघांची मिळून. मला त्यांचं म्हणणं पटलं, कारण पटवून घ्यायचंच होतं. रस्ता ओलांडून डॉक्टरांना एवढंच सांगायचं होतं, की ताप खोटा आहे, मीच लिहिला. ती माणसं त्याच दिवशी घरी आली असती. पण मग शाळेची रीत उघडी पडली असती आणि माझा शेराही गेला असता. उद्या जाऊ, उद्या जाऊ करत मी दहा दिवस काढले. आजही स्वतःची किळस येते.

दहा दिवसांनी त्यांना सोडलं. आजारी कुणीच पडलं नव्हतं. तरी प्लेगवाल्याकडे कपडे कोण टाकणार? त्याच महिन्यात मुलगा शाळेतून नाव काढायला आला.

"मास्साब, तुमचं नाव नाही घेतलं कुणापाशी," तो हळूच म्हणाला.

"मग काय सांगितलंस?"

"बापूंनी फार मारलं. ताप नव्हता तर शाळेत तसं कुणी कळवलं, असं विचारत होते. मी बोललो, मीच निरोप पाठवला. शाळेचा कंटाळा आला होता म्हणून."

काहीतरी बोलायला हवं होतं. मी नाव काढलं आणि त्याला जायला सांगितलं.

माझी नेमणूक पक्की झाली. पुढे कितीतरी वर्षं तो शिंपी मला बाजारात भेटायचा. हातगाडीवर मीठमिरची विकायचा आणि मला पाहिलं की गाडी थांबवून हात जोडायचा.

"मास्साब, आपने तो घणो पढ़ायो," तो एकदा म्हणाला. "म्हारो छोरो ज आळसी निकल्यो. उनेज घर डुबायो." पोरगाच आळशी निघाला, त्यानेच घर बुडवलं, असं त्याचं म्हणणं.

मुलगा शेजारीच उभा होता, तागडी धरून. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी म्हणालो, "हो, अभ्यासात लक्ष नव्हतं त्याचं."