दोन लिटर औषध, तेहेतीस अनारसे

अन्याय माझ्या मोठ्या काकूवर झाला. कधी, तेही सांगते: अधिक महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, संध्याकाळी पाच ते सात. दीक्षितपुऱ्यात, आमच्याच घरी. करणारे आम्ही चौघं: काका, त्यांची मुलगी, जावई आणि मी.

चार महिन्यांपासून काकूला संडासातून रक्त जात होतं. तीन महिने तिनं कुणाला सांगितलं नाही. चौथ्या महिन्यात मला सांगितलं, तेही कपडे वाळत घालताना, माझ्याकडे पाठ करून. डॉक्टरांनी आतड्यात दुर्बीण घालून बघायचं ठरवलं, बुधवारी सकाळी. आधीचे तीन दिवस बिया, फळं, पालेभाजी बंद. आदल्या दिवशी फक्त नारळपाणी, डाळीचं गाळलेलं पाणी, बिनदुधाचा चहा. आणि संध्याकाळी पाचपासून दोन लिटर पाण्यात कालवलेलं औषध, दर पंधरा मिनिटांनी एक पेला, आतडं धुऊन निघेपर्यंत.

त्याच मंगळवारी जावयाला अधिकाचं वाण द्यायचं होतं. तेहेतीस अनारसे, वर पुरणाचं जेवण. मी म्हटलं, जेवण पुढे ढकला.

काका म्हणाले, "जावईबापूंना बँकेतून हीच एक सुट्टी भेटली. तू काहून अडवून राहिली? तिला पाणीच तर प्यायचं आहे."

जिला अन्न बंद होतं, तिनं सकाळपासून पुरण वाटलं, वडे तळले, खसखशीवर अनारसे थापले. मधे नारळपाण्याचा घोट. दुपारी ती कढईपुढे पाट ओढून बसली. काका म्हणाले, "यंदा अनारशांना जाळी कमी पडली."

आमच्याकडे संडास एकच, आणि त्याचं दार जेवायच्या खोलीत उघडतं. पाचला जावई पाटावर बसले आणि पाचलाच काकूनं पहिला पेला घेतला. चौथ्या पेल्यानंतर जुलाब लागले. जावयाच्या ताटाला वळसा घालून ती आत गेली. आली. परत गेली. आवाज सगळ्यांनी ऐकला. काकांनी टीव्ही मोठा केला.

तिची पोटची मुलगी म्हणाली, "आई, जाता-जाता अगरबत्ती तर लाव ना. हे जेवून राहिले."

"अरे, चलने दो," जावई म्हणाले. "आईंची गाडी आज एक्सप्रेस आहे."

सगळे हसले. मीही हसले. रुग्णांच्या हक्कांची पत्रकं लिहिणारी, रांझीला कारखान्याच्या गेटवर उभी राहून ती वाटणारी मी, हातात तुपाची वाटी घेऊन हसले.

मग जावयानं अनारसा उचलला. "आई, हा तुम्ही खाल्ल्याशिवाय मी पुढचा घास घेणार नाही." आमच्याकडे जावयाच्या आग्रहाला नाही म्हणत नाहीत. तिनं माझ्याकडे बघितलं. मी ताटाकडे बघितलं. तिनं खाल्ला.

त्यानंतर ती त्या दारातून आत गेली नाही. उरलेलं औषध तिनं मोरीत ओतलं. मी बघत होते. "झालं गं साफ," ती म्हणाली. झालं नव्हतं, हे मला ठाऊक होतं. मी पापड तळायला वळले.

बुधवारी दुर्बीण चालवणाऱ्याशेजारचा माणूस सगळ्यांसमोर ओरडला, "अम्माजी, ये दाने-दाने क्या चिपके हैं? पार्टी करके आई हो?" डॉक्टरांनी अर्ध्यावर थांबवलं. काही दिसत नाही. तीन आठवड्यांनी या.

बाहेर काका तिला म्हणाले, "एक काम सांगितलं होतं तुला. एक. पाणी प्यायचं."

ती म्हणाली, "माझंच चुकलं."

रक्त कशाचं आहे ते आजही कुणाला माहीत नाही. आत गाठ असेल, तर ती तीन आठवडे आमचा मान राखून थांबलेली नाही.

नवी तारीख गुरुवारची मिळाली. परवा चुलतबहिणीचा फोन आला. "अच्छा, हे म्हणून राहिले की बुधवारी मुक्कामालाच येतो, आईंना बघायला." काकू लगेच म्हणाली, "या ना." मी तिच्या हातून फोन घेतला आणि जावयाला मागितलं. "जीजाजी, बुधवारी येऊ नका. काकूला संध्याकाळभर जुलाब होणार आहेत. संडास एकच आहे."

तेव्हापासून काका माझ्याशी बोलत नाहीत. काकूही नाही. बुधवारची तिची संध्याकाळ मात्र मोकळी आहे.

तुमच्या घरी कुणाला अशी तारीख मिळाली असेल, तर आत्ता फोन उचला. त्या दिवशी येणाऱ्याला येऊ नका म्हणून सांगा, तो जावई असो, व्याही असो, देवाचा ब्राह्मण असो. "तब्येत बरी नाही" म्हणू नका. जुलाब म्हणा. आणि त्या संध्याकाळी टीव्ही बंद करून तुम्हीही घराबाहेर जा.