भावाच्या इंजिनाचा लायनर

थोरला भाऊ गेला, आणि त्याचं विमान बैठकीतल्या कपाटावर तसंच राहिलं. दोन हात पसरावेत एवढे पंख, नाकावर मुठीत मावेल असं इंजिन. माजरीकडच्या एका पडीक माळावर तो दर रविवारी ते रिमोटनं उडवायचा. महिन्याभरानं वहिनी म्हणाल्या, "मले त्याचा आवाज एकदा ऐकायचा आहे. मग द्या कोणालेही."

पण त्यांनी कितीदा फिरवलं तरी इंजिन सुरू होईना. त्याच्या एका मित्रानं फोनवर सांगितलं, की आतला लायनर, म्हणजे ज्या नळीत पिस्टन वरखाली होतो ती, झिजला असणार. बाजारात आता तो मिळत नाही. अशी विमानं उडवणारे लोक तो बल्लारपुरात लेथवर करून घेतात.

मी पुस्तकांत बसणारा माणूस. अख्खं इंजिन दिलं तर आतलं काय काय बदलतील, कोण जाणे. म्हणून घरीच चार स्क्रू काढले, लायनर तेवढा रुमालात गुंडाळला आणि घेऊन गेलो.

लेथवाल्यानं नळी उजेडासमोर धरून आरपार पाहिलं.

"कायचं आहे?"

"विमानाचं."

त्यानं मशीन बंद केलं. "अन् विमान कुठी आहे?"

"घरी."

"इंजिन?"

"तेही घरीच."

"म्हंजे नळी तेवढी आणली. रुमालात."

शेजारचा वेल्डिंगवाला हसला. "सर, बल्लारपूरले एअरपोर्ट कोण्या बाजूले निघालं?"

लेथवाला हसला नाही. "आलापल्लीकडं कोणी आहे का तुमचं?"

तेव्हा कुठे मला कळलं. तिकडच्या जंगलातल्या गावांत शिकारीसाठी लपवून ठेवलेली भरमार बंदूक सापडते. तिची नळी कुठल्यातरी लेथवरच झालेली असणार, म्हणून पोलिसांची चौकशी आधी याच लोकांकडे येते.

"ही एवढीशी नळी," मी म्हणालो.

"आज एवढीशी. जिच्यात भोक आहे ती वस्तू मी तिच्या जोडीचा पार्ट पाह्यल्याशिवाय करत नाई. अन् बसवून, चालू झाल्याशिवाय दुकानाबाहेर जाऊ देत नाई. ज्याचं इंजिन आहे त्याले पाठवा."

तो वारला, हे मी सांगितलं नाही. त्या क्षणी ते बनावट वाटलं असतं. त्यानं मोबाइलवर नळीचा फोटो काढला. त्यात माझा चेहराही आला असावा. घरी येताना मागची एक मोटरसायकल वळेपर्यंत मी आरशात तिच्याकडेच पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी इंजिन नेलं. नेण्याआधी कंपासच्या टोकानं पिस्टनवर आणि इंजिनाच्या बुडाशी बारीक ओरखडे केले. दुकानात स्टुलावर बसून त्याच्या हातांवरची नजर हलवली नाही. पहिली नळी करताना बिघडली, तेव्हा त्यानं ती माझ्यासमोर करवतीनं उभी चिरली आणि मगच भंगारात टाकली. दुसरीत तेल घालून पिस्टन घासत बसला. मी पुन्हा पुन्हा वाकून ओरखडे शोधत होतो.

"खुणा केल्या का सर?"

मी सरळ होऊन बसलो.

"कराव. मीबी तुमच्या गाडीच्या नंबरचा फोटो काढून ठेवला."

इंजिन सुरू करणं मला येत नव्हतं. वहिनींनी भावाला ते वर्षानुवर्षं अंगणात सुरू करताना पाहिलं होतं. शेवटी त्यांनाच बोलावलं. त्या इंधनाची बाटली आणि बॅटरी घेऊन आल्या. लेथवाल्यानं इंजिन शिकंज्यात पकडलं. वहिनींनी बोटाला चिंधी गुंडाळून पंखा फिरवला. काही नाही. पुन्हा फिरवला.

"ज्याचं आहे तो काऊन नाई आला?" त्यानं विचारलं.

"तो नाई राह्यला आता," वहिनी म्हणाल्या आणि परत पंखा फिरवला.

इंजिन पेटलं. इंधनातल्या जळलेल्या एरंडेलाचा वास पसरला. वेल्डिंगवाला चष्मा वर करून दारात आला. वहिनी मान तिरपी करून ऐकत राहिल्या. मग त्यांनी इंधनाची नळी चिमटीत दाबून इंजिन बंद केलं.

"हा त्याचा आवाज नाई," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "इंजिन तेच आहे ना?"

मी ओरखडे दाखवले. तरी त्यांची नजर निवळली नाही.

"नवा लायनर आहे बाई," लेथवाला खालच्या आवाजात म्हणाला. "आवळ आहे अजून. चालवत राहा, हळूहळू बसन."

"किती चालवावं लागन?"

"ते इंजिनावर आहे."

वहिनींनी इंजिन त्यांच्या पिशवीत ठेवलं, माझ्याकडे दिलं नाही. विमान कोणाला द्यायचं, हे त्यांनी त्यानंतर विचारलेलं नाही. रविवारी त्या अंगणात इंजिन लावतात, आणि बंद झालं की म्हणतात, "अजून नाई."