जिच्या तिच्या बोलीत

नर्मदाबाई गेल्याचं त्यांच्या भाच्यानं वडीगोद्रीला येऊन सांगितलं, तेव्हा मी अंगणात तूर पाखडत होते. सूप हातातच राहिलं... महिना झाला, अजून खरं वाटत नाही.

जालन्याच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. निजामाचं राज्य, सगळा कारभार उर्दूत. खेड्यातल्या बायका आधीच भेदरलेल्या, त्यात डॉक्टर काय विचारतात ते कळायचं नाही. नर्मदाबाई मात्र सकाळी खाटेखाटेशी जाऊन जिला तिला तिच्या बोलीत हाक मारायच्या. मला "काय गं माय, झोप लागली का?", रेल्वे कामगाराच्या बायकोला तेलुगूत, आणि माझ्या शेजारच्या रजियाला, "सलाम बी, तबियत कैसी है?"

रजियाचं आणि माझं बाळंतपण एकाच आठवड्यातलं. तेवढ्यात निजामाचं राज्य गेलं. आधी निजामाच्या रझाकारांची दहशत, आता तिचा सूड गावोगावच्या मुसलमानांवर. रस्ते बंद, घरचं कुणी येईना, आम्हाला जाता येईना. खिडक्या लावलेल्या, वॉर्डात नुसता कोंडमारा. बाळ रडलं की आम्ही त्याला घाबरून छातीशी दाबायचो.

एका दुपारी काठ्या-कुऱ्हाडी घेतलेली माणसं वॉर्डात शिरली. माझ्याच भागातली, माझ्याच बोलीतली. "त्यांच्यातली कोनी हाय का इथं?"

"बाळंतिणी हायेत साऱ्या. बघा," नर्मदाबाई म्हणाल्या, आणि रोजच्यासारख्या खाटेखाटेशी फिरू लागल्या. त्या रजियापाशी आल्या. त्यांनी तिच्या कपाळावर हात ठेवला. "काय गं राधा, ताप उतरला न्हाई का अजून?"

रजियानं बोलायला ओठ उघडले.

"बोलू नको. पडून राह्य."

माणसं निघून गेली...

पुढं तिचा नवरा येऊन तिला घेऊन गेला. ती वाचली, लेक वाचली. पण नर्मदाबाईंना चैन नव्हतं. "जीव वाचवाया राधा केली तिची, पन तिला तिच्या बोलीत सलाम करायची सोय राह्यली न्हाई गं," मी भेटायला गेले की म्हणायच्या.

काही वर्षांनी आम्हा दोघींना रजिया जालन्याच्या बाजारात भेटली. नर्मदाबाई उर्दूत विचारत होत्या, ती हळू आवाजात मराठीतच उत्तरं देत होती. लेक पदराआड उभी. नर्मदाबाई तिच्यापुढं वाकल्या. "सलाम बेटा."

पोरगी खुदकन हसली. "वालेकुम सलाम, खाला!"

रजियानं आधी आजूबाजूला पाहिलं... आणि मग तीही हसली.